घरावर लाल निशाण लागण्याआधी: मोहल्ल्यातल्या माणसांची यादी कशी करायची

इंदूरच्या जुन्या वस्तीत रस्ता रुंद होणार, बाजाराचं सौंदर्यीकरण होणार किंवा वाडा पाडून नवी इमारत उठणार अशी कुणकुण लागली, की बहुतेक मोहल्ले एकाच वाटेनं जातात. आधी सभा, मग निवेदन, मग पार्षदाच्या (नगरसेवकाच्या) घरी फेऱ्या, आणि निगमची, म्हणजे महानगरपालिकेची, माणसं पाडायच्या भिंतीवर लाल निशाण मारून गेली की ट्रंका उघडून कागदांची शोधाशोध. हा क्रम उलटा आहे. सगळ्यात आधी यादी व्हायला हवी: कोण राहतं, कोण कुठल्या ओट्यावर पोट भरतं, किती वर्षांपासून. नकाशात घरं दिसतात, बिऱ्हाडं दिसत नाहीत. भरपाई असो, पर्यायी घर असो, परत येण्याचा हक्क असो, ज्याची नोंद आहे त्याच्याच हाती काही लागतं.

राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत अशा याद्या करायला मी काही वेळा हातभार लावला आहे. खाली ज्या चुका सांगतो आहे त्यातल्या दोन-तीन माझ्या स्वतःच्या आहेत.

तयारी

चार-पाच जणांचं पथक पुरे. त्यात निदान दोन बायका हव्यात, एक भाडेकरू हवा, एक ठेला किंवा गुमटी (टपरी) लावणारा हवा. पुढच्या निवडणुकीत उभं राहायची इच्छा असलेला माणूस नको आणि बिल्डरचा मेहुणा तर नकोच.

सुट्या कागदांवर काहीही लिहू नका. बांधीव रजिस्टर घ्या, पानांवर आकडे घाला, पहिल्या पानावर पाच जणांच्या सह्या आणि तारीख. सुटं पान बदलता येतं, म्हणून समोरचा वकील पहिल्याच दिवशी त्यावर बोट ठेवतो. नोंदी हिंदीत करा. आपल्याला मराठीत लिहायचा मोह होतो, मलाही झाला होता. नंतर एकशे दहा पानांचं भाषांतर करत बसलो आणि त्यात तीन नावं चुकली.

त्याच आठवड्यात माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. "आमच्या गल्लीचं काय होणार?" असा प्रश्न विचारला तर उत्तर येणार नाही. कागद मागा: रस्त्याची मंजूर रुंदी आणि मध्यरेषा दाखवणारा नकाशा, कारवाई कोणत्या कलमाखाली प्रस्तावित आहे ती नस्ती, बाधितांची यादी झाली असल्यास तिची प्रत, आणि पथविक्रेता समितीच्या बैठकांचं इतिवृत्त.

पायरी १: हद्द स्वतः चालून ठरवा

निगमच्या लेखी 'बाधित' म्हणजे ज्याची भिंत रस्त्याच्या नव्या रेषेत येते तो. एवढ्यावर थांबलात तर निम्मे लोक इथेच सुटतात.

एका तीनमजली वाड्याचं सांगतो. पुढे दोन दुकानं, त्यांच्यामधून अंधारा बोळ, बोळात डाव्या हाताला लाकडी जिना. रेषा दर्शनी भागातून आठ फूट आत जात होती. कागदावर बाधित म्हणून दोन दुकानदार आणि मालक. पण त्या आठ फुटांत जिन्याच्या पहिल्या सात पायऱ्या होत्या. वरच्या पाच बिऱ्हाडांच्या खोल्यांना धक्काही लागणार नव्हता, फक्त खोलीत जायला वाट उरणार नव्हती. ती पाच बिऱ्हाडं कुठल्याच यादीत नव्हती.

तेव्हा टेप घेऊन फिरा आणि रेषेच्या आत काय काय येतं ते लिहा: जिना, बोळ, नर्मदेच्या नळाची जोडणी, ड्रेनेजचं चेंबर, विजेचे मीटर, बोअरिंग. यातली प्रत्येक वस्तू मागच्या कुणाच्या तरी कामाची असते. मग मागची ओळ पाहा: पुढची इमारत उंच झाली तर कुणाचा उजेड जाईल, पाण्याचा टँकर कुठून आत येईल. ओटा, पार, गणपतीचा मांडव पडतो ती मोकळी जागा हेही हद्दीत घ्या. एरवी ते कुणाच्याच मालकीचं नसल्यामुळे कुणीच नोंदवत नाही.

तपासा: हद्दीच्या नकाशावर असं एकही दार आहे का, जिथे रेषा लागत नाही पण वाट, पाणी किंवा मोरी जाते? एकही सापडलं नाही तर तुम्ही नीट चाललेला नाहीत.

पायरी २: चुलीनुसार मोजा, आणि दिवसातून चार वेळा मोजा

मोजणीचं एकक घर नको, मालमत्ता कराचं खातं नको, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकार परिवाराला देतं तो क्रमांक) हाही नको. एक चूल म्हणजे एक बिऱ्हाड. समग्र आयडीवर विसंबून राहणं ही आपल्या राज्यातली हमखास होणारी चूक. दोन भाऊ पंधरा वर्षांपासून वेगळे रांधतात, पण परिवार आयडी वडिलांच्या वेळचाच. उद्या घर मिळालं तर एकच, आणि भांडण दोघांचं. असे परिवार सापडले की आयडी वेगळा करायचा अर्ज त्याच दिवशी निगमच्या झोन कार्यालयात द्यायला लावा. कारवाई सुरू झाल्यावर केलेली फोड संशयानंच पाहिली जाते.

चुली मोजायची सोपी युक्ती सांगतो. सकाळी कचरागाडी येते तेव्हा गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. ओला-सुका कचरा घेऊन जो जो खाली येतो, तो एक बिऱ्हाड. दोन दिवस उभे राहिलात तर कुणाही मालकानं सांगितलेल्या आकड्यापेक्षा तुमचा आकडा मोठा येईल. गाडीवरच्या मदतनिसालाही विचारा. कोणत्या दारातून किती बादल्या येतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

मी पहिल्यांदा अशी मोजणी केली ती रविवारी सकाळी अकरा वाजता. सगळे घरी सापडतील असा हिशोब. सापडले ते नोकरदार आणि पेन्शनर. रात्रपाळीचा चौकीदार झोपलेला, पोळ्या करायला जाणाऱ्या बायका कामावर, वरच्या माळ्यावर राहणारी चार कोचिंगची मुलं क्लासला. दाराला कुलूप म्हणजे खोली रिकामी, असं आम्ही लिहून मोकळे झालो. म्हणून चार फेऱ्या: सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, रात्री साडेदहा.

रात्रीची फेरी का, हे सराफ्यात उभं राहिल्यावर कळतं. दिवसभर ज्या पायरीवर सोन्याचांदीची गिऱ्हाईकं चपला काढतात, त्याच पायरीवर दुकानाचं शटर पडलं की तासाभरात कढई चढते. भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी, मध्यरात्र उलटेपर्यंत. एक पायरी, दोन धंदे, दोन संसार. शिवाय भांडी घासणारा पोऱ्या, बर्फ पोचवणारा, कणीस किसून देणारी बाई. नकाशावर मात्र एक दुकान, एक मालक. तुमच्या गल्लीत सराफ्याइतका थाट नसेल, पण सकाळी पोह्यांचा ठेला आणि दुपारनंतर त्याच जागी चपला शिवणारा, हे नक्की असेल. तेव्हा प्रत्येक ओट्यासमोर वेळेचा रकाना ठेवा.

रजिस्टरात प्रत्येक बिऱ्हाडामागे कर्त्या स्त्री-पुरुषाचं नाव, माणसं किती, कधीपासून, मालक की भाडेकरू की नुसतंच राहणारं, कामाची जागा इथून किती लांब, शाळेत जाणारी मुलं, आणि अंथरुणाला खिळलेलं किंवा जिना न चढू शकणारं कुणी आहे का, एवढं पुरे. जात, कर्ज, पगार विचारत बसलात तर लोक बाकीचंही खोटं सांगतात.

सावधान: मोबाइल नंबर आणि आधारचे आकडे वेगळ्या वहीत ठेवा. एकदा आम्ही पूर्ण यादी नंबरांसकट फलकावर लावली. तिसऱ्या दिवशी एका दलालाचे सगळ्या भाडेकरूंना फोन गेले: "पचास हजार लो, खाली करो." सहा जणांनी घेतले.

पायरी ३: कागद नसलेल्यांचे कागद उभे करा

प्रत्येक वाड्यात एक आत्या असते. नवरा गेल्यावर माहेरी आली, मागच्या खोलीत तीस वर्षं राहिली, कर भाऊ भरत होता, आता भाचा भरतो. मतदार यादीत नाव सासरच्या गावचं. पुनर्विकासाच्या करारात भाचा लिहून देतो: 'सर्व हिस्सेदारांची संमती आहे.' आत्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि तिनं विचारलं तर उत्तर येतं, "तुला काय कमी पडतंय का?"

अशा माणसांसाठी ढीगभर कागद लागत नाहीत, वेगवेगळ्या वर्षांचे लागतात. जुनं गॅसचं पुस्तक, दवाखान्याची फाइल, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, बँकेचं पासबुक, पत्त्यासह आलेली लग्नपत्रिकासुद्धा. सोबत नोटरी केलेलं शपथपत्र आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षीचा पंचनामा, खोलीत उभं राहून काढलेल्या तारखेच्या फोटोसह.

तीन वर्षं हा आकडा लक्षात ठेवा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' या शब्दात मालकाखेरीज भाडेकरूही येतात, शहरी जमिनीवर आधीची तीन वर्षं राहणारं कुटुंब येतं, आणि ज्याची मुख्य रोजी तीन वर्षं त्या जागेवर आहे तोही येतो. निदान तीन वेगवेगळ्या वर्षांचा एकेक कागद प्रत्येकाकडे असेल हे पाहा. ठेलेवाल्याकडे निगमची पावती, विक्रय प्रमाणपत्र किंवा पंतप्रधान स्वनिधी कर्जाचे कागद असतील. ते विसरतात, आठवण करून द्या. जुन्या वस्तीत १९८४ च्या कायद्याखाली शहरी भूमिहीनांना दिलेले जमिनीचे पट्टे असतील तर मूळ धारकाच्या वारसांची नावं त्याच वेळी लिहून घ्या.

पायरी ४: कारवाई कुठल्या कायद्याखाली येते आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. व्हॉट्सअॅपवर कुणीतरी भूसंपादन कायद्याची पीडीएफ पाठवतं आणि सगळे समजतात की आता जनसुनावणी होणार, सामाजिक परिणामांचा अहवाल येणार. तो कायदा लागू झाला तर ते खरं आहे. पण रस्तारुंदीकरण बहुधा मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम १९५६ च्या कलम ३०५ खाली येतं, म्हणजे रस्त्याच्या नियमित रेषेत येणारी इमारत मागे घ्यायला लावणं. भरपाईचा विषय कलम ३०६ चा. इंदूरच्याच रस्त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये हा मार्ग मान्य केला. त्यासाठी वेगळं भूसंपादन करावं लागत नाही. म्हणजेच सामाजिक परिणामांचा अभ्यास आपोआप कुणी करणार नाही. तुमचं रजिस्टर हाच तो अभ्यास.

भरपाई पैशाऐवजी वाढीव बांधकामाच्या हक्कात किंवा टीडीआरमध्ये (दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्कात) देऊ केली, तर तो कागद जमिनीच्या मालकाला मिळतो. भाडेकरूला आणि ओट्यावरच्या माणसाला त्यातून काहीही मिळत नाही. हे सभेत मोठ्यानं सांगा, कारण मालक सांगणार नाहीत.

दुसरा प्रकार पावसाळ्याच्या तोंडावरचा: कलम ३१० खाली जीर्ण इमारतीची नोटीस. वाडा खरंच पडायला आला असेल तर जीव वाचवा, हुज्जत घालू नका. पण नोटीस येण्याआधी मालकानं मुद्दाम कौलं काढून ठेवल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून स्वतंत्र तपासणी करून घ्या आणि तिचा अहवाल नोटिशीच्या उत्तराला जोडा.

तिसरा प्रकार, मालक वाडा पाडून बांधणार म्हणून भाडेकरूवर दावा लावतो. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ च्या कलम १८ प्रमाणे, दुरुस्ती किंवा पुनर्बांधणीसाठी जागा सोडावी लागली तर बांधकामानंतर परत येण्याची इच्छा भाडेकरूनं न्यायालयात नोंदवायची असते. ती वेळ निकालाच्या टप्प्यावर येते. तोंडी 'मालक म्हणाले, परत देऊ' याला काडीची किंमत नाही. आणि बाहेरच्या बाहेर तडजोड करून किल्ली दिलीत तर हा दरवाजा तुम्ही स्वतःच लावून घेतला.

चौथा, ठेले आणि गुमट्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणालाही हटवता येत नाही, आणि हलवायचं झालं तर ३० दिवसांची नोटीस लागते. माल उचलला तर जागेवर यादी द्यावी लागते. नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेते हवेत, त्यांत एक तृतीयांश बायका. आणखी एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते: ५० वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार म्हणून जाहीर करायचं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. राजवाड्याजवळ ठेला लावणाऱ्याच्या आजोबांचा फोटो म्हणूनच जपून ठेवावा.

सावधान: नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली, हे सगळे ऐकून आहेत. त्याच निकालात रस्ता, फूटपाथ, नदी-नाल्यांच्या जागेवरची अनधिकृत बांधकामं वगळली आहेत, हे ऐकून नसतात. कान्ह नदीच्या काठच्या घरांनी त्या १५ दिवसांच्या भरवशावर बसू नये.

पायरी ५: आता सभा घ्या

यादी हातात आल्यावरच सभा. आधी घेतली तर सगळा वेळ 'कुणाचं किती जाणार' यात जातो.

आमची एक सभा मंडळाच्या सभागृहात झाली. सवयीनं सगळं मराठीत. मागच्या बाकावर पाच मालवी बोलणारी बिऱ्हाडं आणि एक बोहरी दुकानदार शांत बसून होते. आम्ही इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलं. आठवड्यानं त्या सहाही जणांनी वेगळं निवेदन दिलं आणि निगममध्ये सांगितलं गेलं, की मोहल्ल्यात एकवाक्यता नाही. चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून सभा चौकात आणि हिंदीत. बायकांची बैठक वेगळी, दुपारी तीनच्या सुमाराला, एखाद्या ओट्यावर. तिथे पाण्याचा, संडासाचा आणि मुलींच्या येण्याजाण्याच्या वाटेचा विषय निघतो. रात्रीच्या सभेत तो कधीच निघत नाही.

तपासा: संमतीची सही घेताना कागदाचा वरचा भाग कोरा आहे का? हजेरीची सही आणि संमतीची सही एकाच पानावर आहे का? दोन्हींपैकी काहीही असेल तर पान रद्द करून दुसरं करा.

पायरी ६: मागणी आकड्यांत लिहा

'योग्य पुनर्वसन व्हावे' असं लिहिलेलं निवेदन नस्तीत जाऊन झोपतं. हिशोब मांडा. समजा, एक बाई रामबागेत चार घरी पोळ्या करते. आज पायी जाते, खर्च शून्य. पर्यायी घर १२ किलोमीटरवर मिळालं आणि जायला-यायला रोजचे ६० रुपये लागले, तर २६ दिवसांचे १,५६० रुपये, म्हणजे जवळजवळ एका घरचा पगार. सकाळचं सातचं घर सुटतंच, कारण तेवढ्या लवकर तिथून बस नाही. नवं घर फुकट मिळूनही ती गरीब झाली. असे चार-पाच हिशोब खऱ्या नोंदींवरून करा आणि मागणी त्यातून काढा: पर्यायी जागा त्याच वॉर्डात किंवा अमुक अंतराच्या आत, वाटप नवरा-बायको दोघांच्या नावे, जिना न चढू शकणाऱ्यांना तळमजला.

उंच इमारत देत असतील तर लिफ्टचा देखभाल खर्च कोण आणि किती वर्षं भरणार, हे करारातच लिहून घ्या. लिफ्ट बंद पडली की पाचव्या मजल्यावरची म्हातारी माणसं घरात कोंडली जातात. मग मुलगा फ्लॅट भाड्यानं देऊन पुन्हा जुन्या वस्तीच्या कडेला खोली बघतो.

पायरी ७: दाखल करा, पोच घ्या

रजिस्टरची साक्षांकित प्रत, हद्दीचा नकाशा आणि मागणीपत्र निगम आयुक्तांच्या नावे आवक शाखेत द्या. दुसरी प्रत झोन कार्यालयात, तिसरी जिल्हाधिकाऱ्यांकडे मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायच्या बैठकीत. प्रत्येक ठिकाणी शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. पार्षदाला प्रत जरूर द्या, पण त्यांच्या हातात दिलं म्हणजे दाखल झालं असं धरू नका. महिनाभर हालचाल नसेल तर १८१ वर, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवा. मात्र 'समाधान झालं' असं सांगून तक्रार बंद करायला फोन येतो, तेव्हा घाईत हो म्हणू नका.

पायरी ८: हलायच्या दिवशी आणि त्यानंतर

खोली रिकामी करताना तिचं माप, फोटो आणि मीटरचा आकडा रजिस्टरात चढवा. तात्पुरत्या जागेचा पत्ता, परत येण्याची तारीख आणि नव्या जागेचं क्षेत्रफळ लेखी असल्याशिवाय किल्ली देऊ नका. मुलांची शाळा वर्षाच्या मध्ये बदलावी लागणार असेल तर हलण्याची तारीख एप्रिलनंतरची मागा. ही मागणी बहुधा मान्य होते, फक्त कुणी करत नाही.

सहा महिन्यांनी आणि वर्षानं त्याच यादीवरून पुन्हा फिरा. किती बिऱ्हाडं परतली, किती ठेले लागले, कुणाचं काम सुटलं, आत्या कुठे आहे. जे सापडत नाहीत त्यांच्यासमोर 'सापडत नाही' असंच लिहा. रकाना रिकामा सोडू नका.

आणि मूळ रजिस्टर हद्दीबाहेरच्या कुणाकडे तरी ठेवा. आमचं एक रजिस्टर बाधित घरातल्याच कपाटात होतं; सामान घाईघाईनं निघालं तेव्हा ते रद्दीबरोबर गेलं.